बाळ उरलेला वेळ कोणाच्या हातात असतं? वस्तीपातळीवरच्या फिजिओथेरपीची पार्श्वभूमी

आठवड्यात १६८ तास असतात. हालचालींचा विकास मागे पडलेल्या बाळाला फिजिओथेरपी मिळालीच, तर त्यातला एखादा तास मिळते. सोय फारच चांगली असली तर दोन. बाकी सगळा वेळ ते बाळ आईच्या कडेवर, आजीच्या मांडीवर, थोरल्या भावंडाजवळ, नाहीतर नुसतंच पाठीवर पडून असतं. वस्ती गरीब असली की तो एक तासही निसटतो. केंद्र लांब, जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, थोरल्याला सोडायचं कुठे हा प्रश्न वेगळाच. आज 'सामुदायिक फिजिओथेरपी' आणि 'शीघ्र हस्तक्षेप' या नावांनी जे काम चालतं, त्याचं मूळ या हिशेबात आहे: पहिल्या तीन वर्षांत मेंदू आणि शरीर झपाट्याने घडत असतानाच मदत पोहोचवायची, आणि बाळ जिथे राहतं तिथे पोहोचवायची. हे शहाणपण नवं नाही. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या माणसांना ते पुन्हा पुन्हा सुचलं आणि मधल्या काळात पुन्हा पुन्हा मागेही पडलं.

व्यवसाय म्हणून फिजिओथेरपीची सुरुवात काही लहान मुलांपासून झालेली नाही. लंडनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिश करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. तिचीच १९४४ मध्ये चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी झाली. मुलांच्या बाबतीत पहिलं मोठं पाऊल एका सर्जनने टाकलं होतं. अडलेलं बाळंतपण, मुदतीआधीचा जन्म, जन्मताना गुदमरणं आणि पुढे मुलाचे हातपाय ताठ राहणं यांचा संबंध विल्यम जॉन लिट्ल यांनी १८६१ मध्ये मांडला. आपण ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतो (बाळाच्या घडत्या मेंदूला इजा होऊन हालचालींवर येणारी कायमची मर्यादा), त्यातल्या ताठरपणाच्या प्रकाराला कित्येक वर्षं 'लिट्लचा आजार' असंच नाव होतं. कारण कळलं, घरी परतलेल्या मुलाचं पुढे काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

तो प्रश्न उचलला अ‍ॅग्नेस हंट यांनी. खुब्याच्या सांध्याच्या आजाराने लहानपणापासून त्या स्वतः अधू होत्या आणि परिचारिका होत्या. १९०० साली इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात बॅसचर्च या खेड्यात त्यांनी अपंग मुलांसाठी एक घर चालू केलं. मुलांच्या खाटा मोकळ्या हवेतल्या शेडमध्ये असत. हाडांचा आणि सांध्यांचा क्षय, मुडदूस, पोलिओ अशा आजारांनी वाकलेली ही मुलं. लिव्हरपूलचे अस्थिशल्यचिकित्सक रॉबर्ट जोन्स यांच्याकडे हंट मुलांना घेऊन जात. पुढे जोन्सच नियमाने बॅसचर्चला येऊ लागले.

मला या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट शस्त्रक्रियेनंतरची वाटते. महिनोन्‌महिने स्प्लिंटमध्ये, म्हणजे अवयव सरळ धरून ठेवणाऱ्या आधारपट्टीत, राहून मुलाचा पाय सरळ होई आणि मूल घरी जाई. पण मूल वाढतं, स्प्लिंट वाढत नाही. पट्टा तुटतो, कड मांडीला घासून जखम होते, आई तो दोन दिवस काढून ठेवते, दोनाचे वीस दिवस होतात. लांबच्या गावाहून तपासणीला येणं जमत नाही, आणि पाय हळूहळू पुन्हा वाकतो. यात आईचा दोष कुठेच नाही. हंट यांनी १९०७ मध्ये जवळच्या ऑस्वेस्ट्री या बाजारपेठेच्या गावात उपचारानंतरच्या देखभालीचा पहिला दवाखाना उघडला, आणि पुढे अशा दवाखान्यांचं जाळं आसपासच्या भागात पसरलं. मधोमध एक रुग्णालय आणि भोवती गावोगावी छोटी केंद्रं ही रचना आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते, की ती अपंग मुलांच्या घरचं अंतर मोजून बांधली गेली हे लक्षातही येत नाही.

त्याच सुमारास लंडनच्या डेप्टफर्ड या दाटीवाटीच्या, गरीब भागात मार्गारेट मॅकमिलन यांनी १९१० मध्ये शाळकरी मुलांसाठी दवाखाना सुरू केला. दात, किरकोळ शस्त्रक्रिया यांबरोबर तिथे श्वास कसा घ्यावा, पाठ कशी ठेवावी हेही शिकवलं जाई. उपचार घेऊन मुलं त्याच अंधाऱ्या खोल्यांत परत जात आणि पुन्हा आजारी पडून येत. म्हणून मार्गारेट आणि त्यांची बहीण रेचल यांनी १९१४ मध्ये उघड्या हवेतली बालशाळा काढली. मुडदुसाने वाकलेली हाडं नुसत्या व्यायामाने सरळ होत नाहीत. त्यांना ऊन आणि 'ड' जीवनसत्त्व लागतं. हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीतल्या व्हिएन्नामध्ये लहान मुलांवर केलेल्या कामातून हे पक्कं झालं. मुलाच्या शरीराचा विचार त्याच्या घराला वगळून करता येत नाही, हे गरीब वस्त्यांनी वैद्यकाला शिकवलं.

अमेरिकेत हीच शिकवण पोलिओने दिली. १९१४ मध्ये व्हरमाँट राज्यात साथ आली. डोंगराळ मुलूख, विखुरलेली वस्ती. एवढी मुलं बॉस्टनच्या रुग्णालयात नेऊन ठेवणं शक्यच नव्हतं. तेव्हा बॉस्टनचे अस्थिशल्यचिकित्सक रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांचं पथक राज्यात गावोगावी तपासणी घेऊ लागलं. कोणत्या स्नायूत किती ताकद उरली आहे हे हाताने तपासून नोंदवायचं, त्यानुसार व्यायाम ठरवायचे आणि ते घरच्यांना शिकवायचे. स्नायू गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध अवयव उचलू शकतो का, की आधार दिल्यावरच हलवू शकतो, ही राइट यांची चाचणी जगभरचे विद्यार्थी सुधारलेल्या रूपात आजही शिकतात. पण घरच्यांच्या हाती काम सोपवण्याची जी रीत तिच्याबरोबर वापरात होती, ती मात्र चाचणीइतकी टिकली नाही.

पुढची काही दशकं केंद्रांची आणि तज्ज्ञांची होती. बर्टा आणि कारेल बोबाथ हे निर्वासित दांपत्य लंडनमध्ये १९४० च्या दशकापासून सेरेब्रल पाल्सीच्या मुलांवर काम करू लागलं. मुलाला कसं धरायचं, ताठरपणा कमी होईल अशा रीतीने कसं हलवायचं, याचं एक शास्त्रच त्यांनी उभं केलं. बुडापेस्टमध्ये आंद्राश पेतो यांनी वेगळी, शिक्षणाला जवळची वाट धरली. दोन्हींचं ऋण मोठं आहे. बोबाथ यांच्याच परंपरेतल्या नॅन्सी फिनी यांनी १९६८ मध्ये खास पालकांसाठी पुस्तक लिहिलं. कपडे घालताना, अंघोळ घालताना, भरवताना मुलाला कसं धरायचं हे त्यात चित्रांसह होतं. तरीही बहुतेक ठिकाणी उपचार म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीत, तज्ज्ञाच्या हातांनी होणारी गोष्ट, हीच समजूत राहिली. खोलीपर्यंत जो पोहोचेल त्याला ती मिळे.

दुसरीकडे मेंदू घडतो कसा याबद्दलची समजूत बदलत होती. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९३० च्या दशकात हॅरल्ड स्कील्स यांनी अनाथालयातली १३ मंद समजली गेलेली बाळं मतिमंद स्त्रियांच्या एका संस्थेत हलवली. तिथल्या स्त्रियांनी त्यांना उचललं, खेळवलं, त्यांच्याशी बोलल्या. त्या बाळांची बुद्ध्यांकाची मोजणी ठळकपणे वाढली. अनाथालयातच राहिलेल्या १२ मुलांची घसरली. १९३९ मध्ये हे छापून आलं तेव्हा त्यावर जोरदार टीका झाली. स्कील्स यांनी ती मुलं मोठी झाल्यावर पुन्हा शोधून काढली आणि १९६६ मध्ये दाखवलं की १३ च्या १३ जण स्वतःच्या पायांवर उभे होते. त्याआधी वर्षभर, १९६५ मध्ये, अमेरिकेत गरीब घरांतल्या बालकांसाठी 'हेड स्टार्ट' सुरू झालं होतं. १९६९ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या पोर्टेज या गावातून अपंग बालकांसाठी गृहभेटींची योजना निघाली: कार्यकर्ती आठवड्यातून एकदा घरी जाणार, एक छोटं उद्दिष्ट आईबरोबर ठरवणार, आई आठवडाभर ते करून घेणार. केंद्रात येणं शक्य नसलेल्या खेड्यापाड्यांतल्या कुटुंबांसाठी ती निघाली आणि पुढे अनेक देशांत गेली.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी करणारे ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये एक उलटा नियम मांडला: चांगल्या आरोग्यसेवेची गरज जिथे सगळ्यात जास्त, तिथे ती सगळ्यात कमी मिळते. मुलांच्या फिजिओथेरपीला हा नियम अक्षरशः लागू पडतो. कमी वजनाची, मुदतीआधी जन्मलेली बाळं गरीब वस्त्यांत जास्त, आणि बालकांचे फिजिओथेरपिस्ट सुस्थितीतल्या भागांत जास्त.

प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८ च्या अल्मा आटा परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने समाजाधारित पुनर्वसनाचा, म्हणजे अपंग माणसाला त्याच्या गावात, घरातच मदत देण्याचा, आग्रह धरला. त्यासाठीची प्रशिक्षण-पुस्तिका घडवणाऱ्यांत आयनार हेलँडर यांच्याबरोबर श्रीलंकेच्या फिजिओथेरपिस्ट पद्मनी मेंडिस होत्या. साध्या भाषेत, चित्रं काढून, गावातला कार्यकर्ता आणि घरातलं माणूस यांना वापरता येईल असं ते साहित्य होतं. पश्चिम मेक्सिकोतल्या अहोया गावात १९८१ च्या सुमारास अपंग गावकऱ्यांनीच चालवलेला 'प्रोखिमो' प्रकल्प याहून पुढे गेला. कॅलिपर (पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या), खुर्च्या, उभं राहण्याच्या चौकटी तिथे मिळेल त्या सामानातून बनत. व्यवसायातल्या काहींना भीती वाटत होती की ज्ञान असं वाटलं तर ते पातळ होईल. मला ती भीती समजते, पण पटत नाही. पातळ झालेलं ज्ञान सुधारता येतं. न पोहोचलेल्या ज्ञानाचा त्या बाळाला काही उपयोग नसतो.

मग जमैकाचं काम. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली ९ ते २४ महिन्यांची, उंची खुंटलेली १२९ बालकं सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी १९८६-८७ मध्ये चार गटांत विभागली. काहींना पूरक आहार, काहींकडे गृहभेटी, काहींना दोन्ही, काहींना यातलं काहीच नाही. भेट द्यायला डॉक्टर किंवा थेरपिस्ट जात नसत. थोडं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य सहायिका दर आठवड्याला तासभर जात. खेळणी घरातल्या टाकाऊ वस्तूंची. एक खेळणं आईजवळ ठेवायचं, पुढच्या भेटीत ते घेऊन दुसरं द्यायचं. दोन वर्षं हे चाललं. ती मुलं २२ वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर गृहभेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. या भेटी फिजिओथेरपीच्या नव्हत्या, पण वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येक फिजिओथेरपिस्टला त्या आधार देतात.

व्यवसायाला त्याच काळात एक धक्काही बसला. अमेरिकेत ताठरपणाच्या सेरेब्रल पाल्सीच्या ४८ बालकांवर झालेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला वर्षभर तेव्हाची प्रचलित फिजिओथेरपी दिली. दुसऱ्या गटाला आधी सहा महिने घरी करायचे विकासाचे खेळ आणि मग फिजिओथेरपी. वर्षाअखेर चालू लागलेल्यांचं प्रमाण दुसऱ्या गटात जास्त निघालं. एका अभ्यासाने सगळं ठरत नाही. पण मुलाला हलवण्यापेक्षा मुलाने स्वतः हलावं, आणि ते रोजच्या जगण्यात घडावं, या दिशेला पुढचं संशोधन सरकत गेलं. निदानही लवकर होऊ लागलं: हाइन्झ प्रेख्टल यांनी बाळाच्या आपसूक होणाऱ्या हालचाली पाहून धोका ओळखायची पद्धत दिली, आणि २०१७ मध्ये आयोना नोवाक व सहकाऱ्यांनी दाखवलं की सेरेब्रल पाल्सीचं निदान सहा महिन्यांच्या आतही होऊ शकतं. पूर्वी त्याला एक ते दोन वर्षं जात.

घरात हे कसं दिसतं? पाच महिन्यांचं बाळ, मान अजून डुलते. त्याला पालथं घालायचं. टॉवेलची गुंडाळी छातीखाली, काखेच्या रेषेत. कोपरं खांद्यांच्या किंचित पुढे. एक तळहात बाळाच्या ढुंगणावर ठेवून अगदी हलका दाब द्यायचा, म्हणजे भार मागे सरकतो आणि डोकं उचलायला सोपं जातं. आईचा चेहरा बाळाच्या डोळ्यांच्या पातळीला. डोकं वर येतं, पाच-सहा सेकंद टिकतं, मग रडू. लगेच कुशीवर वळवून उचलायचं. खोली एकच असेल, जमीन ओली असेल, शेगडी जवळ असेल तर खाली ठेवणं शक्य नसतं. मग आईने पाय लांब करून बसायचं आणि बाळाला मांड्यांवर आडवं, पालथं घालायचं. दर वेळी लंगोट बदलला की एकदा. दिवसात आठ-दहा वेळा सहज होतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही. १९९० च्या दशकापासून बाळाला पाठीवर झोपवा असं सांगितलं जातं, आणि त्यामुळे झोपेतले अचानक मृत्यू खूप कमी झाले. ते तसंच राहिलं पाहिजे. मात्र जागेपणी पालथं घालणं आता आठवणीने करावं लागतं.

सरकारांनी हे काम कायद्यात आणि योजनांत आणलं ते टप्प्याटप्प्याने. अमेरिकेने १९८६ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेपाची तरतूद केली आणि त्यात कुटुंबासह योजना आखणं बंधनकारक केलं. ब्रिटनमध्ये १९९९ पासून लहान मुलं आणि त्यांच्या कुटुंबांसाठीची 'शुअर स्टार्ट' केंद्रं सगळ्यात वंचित भागांत आधी उघडली. २०१० नंतर त्यांचा निधी आटत गेला आणि अनेक बंद पडली, तर त्यांच्या परिसरातली मुलं पुढे कमी वेळा रुग्णालयात दाखल होतात हे अभ्यासांतून त्यानंतर समोर आलं. भारतात २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबरोबर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची रचना आली.

ब्रिटनच्या बालसेवांमध्ये अलीकडे आणखी एक बदल झाला आहे. बाळ ठरल्या वेळी आलं नाही की रजिस्टरमध्ये 'अनुपस्थित' असा शेरा पडे, आणि दोन-तीन शेऱ्यांनंतर नाव कमी होई. आता अनेक ठिकाणी 'आणलं गेलं नाही' असं लिहितात. बाळ स्वतःहून येऊ शकत नाही, त्याला कोणीतरी आणावं लागतं. या शेऱ्यानंतर नाव नुसतं खोडता येत नाही. कोणालातरी फोन करावा लागतो, नाहीतर त्या घरी जावं लागतं.