मेण घेण्याआधी: कोणतं मेण कशाला चालतं

"एक किलो मेण द्या" असं कोणी म्हटलं की आम्ही आधी विचारतो, कशासाठी हवंय? दिवाळीच्या मेणबत्त्या, टाचांचं मलम, सागवानी कपाटाचं पॉलिश, तिन्हींना मेण लागतं, पण एकच मेण तिन्हींना चालत नाही, आणि दरातही मोठी तफावत असते. भारी मेण नेऊन माल बिघडला की पैसे जातात आणि हुरूपही जातो. तसं होऊ नये म्हणून हे पत्रक.

पॅराफिन: मेणबत्तीचं मेण

खनिज तेलापासून वंगण तयार करताना हे मेण वेगळं निघतं. आपल्याकडे आसाममधल्या दिग्बोई आणि नुमालीगढच्या रिफायनऱ्यांत ते बनतं. मालावर ५८-६० किंवा ६०-६२ असा आकडा असतो, तो वितळण्याच्या तापमानाचा, अंश सेल्सिअसमध्ये. उभ्या मेणबत्तीसाठी ५८ च्या खालचं मेण घेऊ नका, आपल्या उन्हाळ्यात ती वाकते. दुसरं बघायचं ते तेलाचं प्रमाण. फुली रिफाइंड मेणात ते साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत असतं, सेमी रिफाइंडमध्ये जास्त. लादीवर बोट फिरवून तेलकट लागलं तर ते मेण सुगंधी किंवा पांढऱ्याशुभ्र मेणबत्तीसाठी नेऊ नका.

बचत गटाच्या ताई नेहमी विचारतात, मेणबत्तीला वातीजवळ खड्डा का पडतो? पॅराफिन गोठताना चांगलंच आकसतं. कडेचं आधी घट्ट होतं आणि मधलं खाली ओढलं जातं. थोडं मेण बाजूला ठेवा, वरची साय धरली की सळईने वातीजवळ दोन-तीन भोकं पाडा आणि राहिलेलं मेण ओता. मेणबत्ती साच्याला चिकटत असेल तर मेणात शेकडा पाच ते दहा भाग स्टिअरिक ॲसिड (तेला-चरबीपासून मिळणारं पांढरं, मेणासारखं द्रव्य) घाला. त्याने कडकपणा येतो आणि रंगही दुधाळ होतो. बांद्र्याच्या मोत माउलीला (माउंट मेरी चर्चमध्ये) वाहतात तसे मेणाचे हात-पाय, घरं किंवा बाळं करायची असतील, तर अशा बारीक नक्षीच्या साच्यांसाठी हे विशेष लक्षात ठेवा.

मधमाशीचं मेण

हे आमचं सर्वांत लाडकं मेण. कामकरी माश्या पोटाखालच्या ग्रंथींतून ते स्रवतात आणि त्याचं पोळं बांधतात. वितळतं ६२ ते ६४ अंशांना, पण बोटांच्या उबेने मऊ होतं. कुंकवाच्या करंड्याशेजारी मेणाची डबी असायची ती याच मेणाची: आधी कपाळावर मेणाचं बोट, मग त्यावर कोरडं कुंकू, दिवसभर हलायचं नाही. मोची दोरा याच मेणातून ओढून घेतात, म्हणजे तो पाणी धरत नाही आणि टाकाही सरकत नाही.

मलमासाठी एक भाग मेण आणि चार भाग खोबरेल घ्या. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपासच पातळ होतं, त्यामुळे मे महिन्यात तीन भाग तेलच पुरे. भांडं स्टीलचं घ्या. लोखंड, तांबं आणि पितळ यांत मेणाचा रंग काळवंडतो.

यात पॅराफिनची भेसळ सर्रास होते, म्हणून पारखून घ्या, आमच्याकडूनसुद्धा. छोटा तुकडा बोटांत मळा. अस्सल मेण हळूहळू मऊ होऊन एकजीव होतं, पॅराफिन जास्त असलं तर गुळगुळीत निसटतं किंवा भुगा पडतो. लादी मोडली तर आतली बाजू रवाळ, कणीदार दिसते. वर पांढुरकी पावडर दिसली तर बुरशी समजून परत करू नका. मेण जुनं झालं की ती आपोआप येते आणि जरा ऊब दिली की जाते.

सोया

हे सोयाबीनच्या तेलापासून बनवतात. पन्नास अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे काचेच्या ग्लासात किंवा वाटीतच ओतावं. नागपूर-अकोल्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये माल ठेवणाऱ्यांना आम्ही उन्हाळ्यात सोया घेऊ नका असंच सांगतो. वर पांढरे चट्टे उमटतात, तो या मेणाचा स्वभाव आहे, त्याने जळण्यात फरक पडत नाही.

पॉलिश आणि इतर कामं

ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण ८२ अंशांच्या वर वितळतं. फार कडक, चमक उत्तम, पण एकट्याने लावता येत नाही. लाकडासाठी चार भाग मधमाशीचं मेण आणि एक भाग कार्नोबा वितळवा, भांडं विस्तवापासून लांब नेऊन मग टर्पेंटाइन मिसळा. विस्तवाजवळ टर्पेंटाइन अजिबात नको. मायक्रो वॅक्स, म्हणजे खनिज तेलातूनच निघणारं बारीक कणांचं मेण, चिवट असतं, मेणाला तडे जात असतील तर ते थोडं घालतात. जेल मेणबत्तीतलं जेल आणि पाकिटावरची लाख मात्र मेण नव्हे, त्यात आमचं मेण मिसळू नका.

सफरचंदाच्या चकाकीबद्दलही विचारणा होते. फळांवर मधमाशीचं मेण, कार्नोबा किंवा शेलॅक (लाखेच्या किड्यापासून मिळणारी राळ) लावायला आपल्या अन्नसुरक्षा नियमांत परवानगी आहे, तसं लेबलवर लिहावं लागतं. मेणबत्तीचं पॅराफिन खाण्याच्या वस्तूला लावू नका.

वितळवताना

मेणाचं पातेलं थेट गॅसवर ठेवू नका. पाण्याच्या मोठ्या पातेल्यात मेणाचं भांडं ठेवा. पाणी उकळून तरी इशारा देतं, मेण शांत दिसतं आणि फार तापलं की एकदम भडकतं. पेट घेतलाच तर पाणी ओतू नका, पेटतं मेण चौफेर उडतं. गॅस बंद करा, भांड्यावर झाकण सरकवा आणि पूर्ण निवेपर्यंत उघडू नका. उरलेलं मेण बेसिनमध्ये ओतलं तर पाइप तुंबतो. ते कागदी कपात गोठवून ठेवा, पुढच्या घाण्याला कामी येतं.

नवं मेण पहिल्यांदाच वापरणार असाल तर पाव किलोच न्या आणि येताना तुमचा साचा घेऊन या.