कॉन्जुगेशन आणि ट्रान्सफॉर्मेशन: जिवाणूंच्या जनुक-देवघेवीच्या दोन वाटा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात दहावीपर्यंत मराठीतून शिकून पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे या दोन क्रिया एकापाठोपाठ येतात आणि दोन्हींत एका जिवाणूची जनुके दुसऱ्यात जात असल्याने त्यांची हमखास सरमिसळ होते. पाहायचे ते एवढेच, की देणारी पेशी जिवंत आणि घेणारीच्या संपर्कात असावी लागते का.

ट्रान्सफॉर्मेशनला तिची गरज नसते. मरून फुटलेल्या पेशीचा डीएनए मोकळा होतो आणि त्याचे तुकडे आत घेण्याची क्षमता असलेला जिवाणू ते उचलतो. १९२८ मध्ये ग्रिफिथ यांनी उष्णतेने मारलेले घातक न्यूमोकोकस (न्यूमोनियाचे जिवाणू) निरुपद्रवी जिवंत न्यूमोकोकससह उंदरांना टोचले, तेव्हा उंदीर दगावले आणि त्यांच्या रक्तात जिवंत घातक जिवाणू सापडले, म्हणजे मेलेल्यांची जनुके जिवंतांनी उचलली होती.

कॉन्जुगेशन १९४६ मध्ये लेडरबर्ग आणि टेटम यांनी ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूमध्ये दाखवले. येथे दात्याकडे बहुधा प्लाझ्मिड, म्हणजे गुणसूत्राहून स्वतंत्र असे डीएनएचे गोल कडे, असते. एफ प्लाझ्मिड (अशी जोडणी घडवणारे एक प्लाझ्मिड) असलेली पेशी पिलस नावाच्या तंतूने दुसरीला जवळ ओढते. मग प्लाझ्मिडचा एक धागा कापला जाऊन पलीकडे सरकतो आणि दोन्ही पेशी आपापला जोडधागा तयार करतात, त्यामुळे दात्याचे काहीच कमी होत नाही. याला जिवाणूंचे प्रजनन समजणे मात्र चुकीचे आहे, कारण आधी दोन पेशी असतात आणि नंतरही दोनच. एफ प्लाझ्मिड गुणसूत्रात मिसळले असेल, तर गुणसूत्रही सरकू लागते. ते पूर्ण जायला सुमारे १०० मिनिटे लागतात, पण जोडी बहुधा त्याआधीच तुटते.

प्रयोगशाळेत दोहोंचा निवाडा सोपा आहे. मिश्रणात डीएनए तोडणारे डीएनेझ हे विकर घातले, की ट्रान्सफॉर्मेशन थांबते, कॉन्जुगेशन चालू राहते. उलट, १९५० मध्ये डेव्हिस यांनी केले तसे दोन्ही जिवाणूंमध्ये फक्त द्रव जाऊ देणारी गाळणी ठेवली, तर कॉन्जुगेशन होत नाही.

बेळगावच्या बळ्ळारी नाल्यासारख्या सांडपाण्याचा विचार करताना हा भेद कामाला येतो. प्रतिजैविकांना दाद न देणारी अनेक जनुके एकाच प्लाझ्मिडवर असू शकतात आणि कॉन्जुगेशनमुळे ती एकगठ्ठा, वेगळ्या प्रजातीतही जातात. क्लोरीनने दाता मेला, तर ही वाट बंद होते. पण त्याचा डीएनए शाबूत राहिला, तर ट्रान्सफॉर्मेशनची वाट उघडीच राहते.