स्कॅन नॉर्मल, तक्रार मात्र खरी

डोक्याला मार लागून वर्ष उलटलं, जखम भरली, सीटी स्कॅनमध्ये काही निघालं नाही. तरीही वाचलेलं डोक्यात राहत नाही, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड होते, मन उदास असतं. डॉक्टरी भाषेत याला ‘पोस्ट-कन्कशन सिंड्रोम’ म्हणतात. अशा रुग्णाचं निदान करताना एक जुना वाद हमखास उभा राहतो : बिघाड मेंदूत आहे की मनात?

हा वाद सुरू झाला रेल्वेमुळे. 1866 साली लंडनचे सर्जन जॉन एरिक एरिक्सन यांनी रेल्वे अपघातांतून वाचलेल्यांच्या व्यथा मांडल्या. अंगावर फारशी जखम नाही, पण विसरभोळेपणा, झोपेची तक्रार, कामात लक्ष नाही. त्यांच्या मते दोष मज्जासंस्थेला बसलेल्या हादऱ्याचा होता. नुकसानभरपाईचे दावे वाढले. 1883 मध्ये हर्बर्ट पेज यांनी हे बहुतांशी भीतीच्या धक्क्यामुळे होतं असं लिहिलं. पेज स्वतः एका रेल्वे कंपनीचे सर्जन होते, हे विसरून चालणार नाही. तेव्हापासून या निदानाला पैशाचा संशय चिकटला तो चिकटलाच. 1961 मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ हेन्री मिलर यांनी तर दावा निकाली निघाला की बहुतेकांच्या तक्रारी संपतात, असं सांगितलं. पुढे इतरांनी रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा भरपाई मिळूनही अनेक जण आजारीच असल्याचं दिसलं.

दरम्यान सूक्ष्मदर्शकाखाली वेगळंच दिसत होतं. 1956 मध्ये मेंदूच्या ऊतींची तपासणी करणाऱ्या सबिना स्ट्रिच यांना गंभीर इजा झालेल्या मेंदूंमध्ये चेतातंतू दूरवर तुटलेले आढळले. 1968 मध्ये त्याच क्षेत्रातले डॉक्टर ओपेनहायमर यांनी किरकोळ मार लागलेल्या, पण दुसऱ्याच कारणाने दगावलेल्यांच्या मेंदूतही तशा बारीक इजा दाखवल्या. सीटी स्कॅनने 1971 पासून रक्तस्राव पकडणं सोपं केलं, पण एवढे सूक्ष्म तंतू त्यात दिसत नाहीत. म्हणून नॉर्मल रिपोर्ट दाखवून ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ म्हणणं रुग्णावर अन्याय आहे.

1974 मध्ये ऑकलंडच्या डोरोथी ग्रॉनवॉल आणि फिलिप राइटसन यांनी डोक्याला मार लागलेल्यांसाठी एक साधी वाटणारी चाचणी वापरली. ठरावीक अंतराने एकेक आकडा ऐकू येतो. प्रत्येक नवा आकडा आधीच्या आकड्यात मिळवून उत्तर सांगायचं. तीन, मग सात : उत्तर दहा. पुढे दोन : उत्तर नऊ. बारा म्हटलं की चुकलंच, कारण बेरीज आपल्या उत्तरात नाही, ऐकलेल्या आकड्यात करायची. गप्पा मारताना अगदी ठणठणीत वाटणारा माणूस इथे अडखळतो.

या आजाराच्या व्याख्यांचा घोळ मात्र मिटला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या वर्गीकरणात शुद्ध हरपल्याची अट होती. 1994 च्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निकषांत चाचणीत दिसणारी लक्ष किंवा स्मृतीची उणीव हवी होती. म्हणजे तोच रुग्ण एका पुस्तकात बसायचा, दुसऱ्यात नाही. शिवाय नैराश्य, अपुरी झोप, मानेचं दुखणं यांतूनही हीच लक्षणं येतात. ती कारणं शोधायलाच हवीत, कारण त्यांवर उपचार होतात. नैराश्य सापडलं म्हणून मेंदूची इजा खोटी ठरत नाही; दोन्ही एकत्र असू शकतात.

जुन्या अपघाताचा माग काढताना आजही मेंदूविकारतज्ज्ञ रिची रसेल यांनी 1932 मध्ये महत्त्वाचा मानलेला मुद्दाच उपयोगी पडतो : मार लागल्यानंतर सलग आठवण नेमकी कुठून सुरू होते? ‘मी शुद्धीवर होतो’ म्हणणाऱ्यालाही पुष्कळदा मधले काही तास आठवत नाहीत, आणि ते तास घरच्यांना विचारूनच भरून काढावे लागतात.