स्क्रूची पकड हाडाच्या कवचात

पुढे आलेले दात तारांनी मागे ओढायचे, तर त्या ओढीला कुठेतरी आधार द्यावा लागतो. हा आधार बहुधा दाढांचा घेतला जातो. पण न्यूटनचा तिसरा नियम तोंडातही चुकत नसल्याने, पुढचे दात ज्या बलाने मागे येतात त्याच बलाने दाढाही पुढे खेचल्या जातात आणि कष्टाने मिळवलेली जागा काही अंशी वाया जाते. त्यावरचा उपाय म्हणजे थेट जबड्याच्या हाडात बसवलेला छोटा स्क्रू. 1945 मध्ये कुत्र्यांच्या जबड्यात असे स्क्रू बसवून पाहिले गेले, परंतु ते महिनाभरातच निघून आले. 1997 मध्ये जपानमधील कानोमी यांनी 1.2 मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूची माहिती प्रसिद्ध केली आणि त्यानंतर ही पद्धत वेगाने रुळत गेली.

कायमस्वरूपी कृत्रिम दाताचे इम्प्लांट हाडाशी एकजीव व्हावे लागते. हा स्क्रू मात्र मुख्यतः आट्यांच्या यांत्रिक पकडीवर उभा असतो. जबड्याच्या हाडाला बाहेरून घट्ट कवच असते आणि आत स्पंजासारखी जाळी. पकड मिळते ती प्रामुख्याने कवचात, म्हणून स्क्रू किती लांब आहे यापेक्षा त्याला किती जाड कवच लाभले हे अधिक मोलाचे ठरते. कवच किमान 1 मिलिमीटर जाड असावे, असा सर्वसाधारण निकष आहे. खालच्या जबड्यात ही जाडी दाढांकडे जाताना वाढते, तर वरच्या जबड्यात गालाकडची बाजू तुलनेने पातळ असते.

मग खालच्या जबड्यातील स्क्रू अधिक टिकायला हवेत. प्रत्यक्षात मात्र अनेक पाहण्यांमध्ये तेच जास्त सैल झालेले आढळतात. मला या विषयातला सर्वांत रंजक भाग हाच वाटतो. हाड ही जिवंत ऊती आहे. जाड, कठीण कवचात स्क्रू फिरवताना घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि हाडाचे तापमान मिनिटभर 47 अंश सेल्सिअसपर्यंत गेले, तरी त्याला इजा होऊ शकते. पिळाचा जोर फार वाढला की आट्यांभोवती सूक्ष्म तडे पडतात, इजा झालेला भाग शरीर झिजवून काढते आणि सुरुवातीला घट्ट असलेला स्क्रू काही आठवड्यांत डुगडुगू लागतो. म्हणूनच हा जोर साधारण 5 ते 10 न्यूटन-सेंटिमीटर असावा, असे सुचवले जाते. कवच जाड असेल तिथे आधी बारीक छिद्र पाडून सलाइनने थंडावा दिला जातो.

अर्थात, सगळा भार हाडाच्या जाडीवर टाकणे योग्य नाही. स्क्रू दाताच्या मुळाला टेकला किंवा भोवतालची हिरडी सुजली, तर चांगल्या कवचातही तो सैल होतो. सैल झालेला स्क्रू काढून जवळच दुसऱ्या जागी नवा बसवता येतो, आणि उपचार संपल्यावर टिकलेला स्क्रूही तसाच उलटा फिरवून सहज बाहेर काढता येतो, कारण हाडाशी तो पुरता एकजीव झालेलाच नसतो.