शब्दांवर ए१, बी२ असे शिक्के कुठून आले?

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर हल्ली शब्दांच्या तयार याद्या येतात. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला त्याचा फ्रेंच अर्थ आणि शेजारी ए१, बी२ असा पायरीचा शिक्का; ए१ सगळ्यांत सोपी पायरी, सी२ सगळ्यांत वरची. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून अकरावीला मुंबई गाठून फ्रेंच घेणाऱ्या, किंवा हॉटेल नाहीतर क्रूझवरच्या नोकरीची तयारी करणाऱ्या मुलांना अशी यादी म्हणजे एका दगडात दोन पक्षी वाटते. ती जरूर वापरावी. पण ती मुळात कुणासाठी झाली हे ठाऊक असायला हवं, कारण तिच्यातला सोप्या-अवघडाचा क्रम आपल्या मुलांकडे बघून लावलेला नाही.

दोन भाषा शेजारी मांडण्याची रीत कोकणी माणसाला परकी नाही. देवगडकडच्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केलं, तेव्हा एका स्तंभात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी मजकूर असे. स्वतः बाळशास्त्रींना फ्रेंचही येत होतं. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्यांचं इंग्रजी घडलं. आधी कोणता शब्द शिकवायचा, हे तेव्हा शिकवणारा आपल्या अनुभवाने ठरवी.

ते मोजून ठरवायची कल्पना विसाव्या शतकातली. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२१ मध्ये छापील मजकुरातली वारंवारता मोजून १०,००० शब्दांची यादी काढली. त्याच सुमारास मायकेल वेस्ट ढाक्यात शिक्षण खात्यात होते. वाचनाच्या पुस्तकांत नवे शब्द धबाधबा कोसळतात आणि मुलं गुदमरतात, हे त्यांनी बंगाली मुलांत पाहिलं, आणि नवे शब्द बेताबेताने येतील अशी पुस्तकं रचली. १९५३ मध्ये त्यांची सुमारे २,००० शब्दांची यादी आली आणि पुढे जगभर तिचा आधार घेतला गेला.

फ्रेंचांचं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज गुगेनहाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुस्तकं बाजूला ठेवून माणसांची बोलणी ध्वनिमुद्रित केली आणि त्यातले शब्द मोजले. तेव्हा एक गंमत दिसली. जेवणाचा काटा रोज प्रत्येकाच्या हातात असतो, पण बोलण्यात त्याचं नाव जवळपास येतच नाही. निव्वळ मोजणीवर विसंबलं तर असे शब्द यादीतून गळून पडतात. मग त्यांनी शाळकरी मुलांना घर, कपडे, जेवण असे १६ विषय दिले आणि प्रत्येकावर सुचतील ते वीस शब्द लिहायला सांगितले. तोंडी फार न येणारे, पण गरजेला लगेच आठवणारे शब्द अशा रीतीने यादीत आले. पहिल्या टप्प्याला दीड हजाराच्या आसपास शब्द ठरले.

मालवण किंवा हर्णैच्या वर्गात हा प्रयोग आजही करण्यासारखा आहे. ‘समुद्र’ म्हटलं की मुलं रापण, होडी, भरती, ओहोटी, बांगडा, सुकट असं भराभर लिहितील. त्यांच्या पहिल्या यादीत हेच शब्द हवेत.

ए१ ते सी२ या सहा पायऱ्या मात्र स्ट्रासबर्गच्या कौन्सिल ऑफ युरोप या युरोपीय देशांच्या संघटनेच्या. या संस्थेच्या अधिकृत भाषा दोनच, इंग्रजी आणि फ्रेंच. परदेशात निभावून नेण्यापुरती भाषा म्हणजे किती, याचा आराखडा इंग्रजीसाठी १९७५ मध्ये आणि फ्रेंचसाठी १९७६ मध्ये तयार झाला. सहा पायऱ्यांची चौकट २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात शब्दांच्या याद्या नाहीत. त्या त्या पायरीवरच्या माणसाला भाषेत काय करता येतं, एवढंच वर्णन आहे. याद्या नंतर भाषेगणिक झाल्या. इंग्रजीसाठी केंब्रिज विद्यापीठाने आपल्या परीक्षार्थींच्या उत्तरपत्रिकांचा मोठा साठा तपासून कोणता शब्द, कोणत्या अर्थाने, कोणत्या पायरीवर वापरला जातो ते नोंदवलं. म्हणून एकाच शब्दाचा एक अर्थ ए१ मध्ये असतो आणि दुसरा बी२ मध्ये.

आता फ्रेंच रकान्याकडे या. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीन शतकं दरबार आणि न्यायाचं काम बरंचसं फ्रेंचमध्ये चाललं. इंग्रजीतला राज्यकारभाराचा, कायद्याचा बराचसा शब्दसंग्रह त्यामुळे फ्रेंच मुळाचा आहे. फ्रेंच माणसाला वरच्या पायऱ्यांवरचे ‘गव्हर्नमेंट’, ‘जस्टिस’ आयते मिळतात. त्याचा घाम निघतो तो ‘गेट अप’, ‘पुट ऑफ’ अशा साध्या दिसणाऱ्या जोड्यांपाशी.

कोकणातलं गणित तिसरंच. कोर्ट, अपील, पेन्शन, मनीऑर्डर हे मूळ फ्रेंच वळणाचे शब्द इथल्या शाळा न पाहिलेल्या आजीच्याही तोंडी आहेत. मुंबईच्या मनीऑर्डरीवर घरं चालली, जमिनींचे दावे पिढ्यान्‌पिढ्या लढले गेले, त्यातून ते रुळले. शिक्के लावणाऱ्यांपुढे ही आजी नव्हती. तेव्हा कोकणातल्या शिक्षकाने शिक्का पाहून एखादा शब्द पुढच्या वर्षावर ढकलण्याआधी तो मुलांच्या घरात आधीच आहे का, ते विचारावं.

पहिल्या पायरीवरही थोडी आयती शिदोरी आहे, पोर्तुगिजांकडून आलेली. पाव, चावी, पगार हे शब्द ज्या लॅटिन मुळांपासून निघाले, त्यांतूनच फ्रेंचचे ‘पँ’, ‘क्ले’ आणि ‘पेये’, म्हणजे पैसे देणे, हे शब्द आले. इथे इंग्रजीचा ‘ब्रेड’ किंवा ‘की’ काही मदत करत नाही. पण एवढ्यावर डेल्फची ए१ परीक्षा निघत नाही. ही फ्रेंच परीक्षा २००५ पासून याच पायऱ्यांवर बेतलेली आहे, आणि तिथे घर, पाणी, वार, नाती असे रोजचे शब्द लागतात. त्यांत इंग्रजी आणि फ्रेंचच्या वाटा बहुतेक वेगळ्या आहेत, म्हणून ए१ चे दोन्ही रकाने वेगवेगळेच पाठ करावे लागतात; जोडीने वाचायचा फायदा बी१ च्या पुढे सुरू होतो.