जंतांचं वेळापत्रक

हत्तीरोगाची शंका आहे, रक्त रात्री दहानंतर घ्यावं लागेल, असं सांगितलं की पेशंट चक्रावतो. पण या रोगाच्या कृमीची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसभर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास कातडीजवळच्या रक्तात येतात. त्यांना वाहून नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो, म्हणून त्यांचीही रात्रपाळी. पॅसिफिकमधल्या काही बेटांवर हाच रोग दिवसा चावणारे डास पसरवतात. तिथे पिल्लं भर दिवसाही रक्तात मिळतात! हा कृमी डासाच्या शरीरात वाढतो हे पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात दाखवलं. आता बोटातल्या थेंबभर रक्तावर अँटिजेनची, म्हणजे कृमीचे अंश शोधणारी, पट्टी चालते आणि तिला रात्र लागत नाही. तरी मुद्दा उरतोच. दुपारच्या रक्तात काही दिसलं नाही, एवढ्यावरून आजार नाही असं म्हणता येत नाही.

परजीवींच्या निदानातली निम्मी अडचण हीच असते. तो अंगात असतो, पण आपण नमुना घेतो तेव्हा आणि तिथे नसतो.

लहान मुलांच्या गुदद्वाराला रात्री खाज आणणारे सुतासारखे पांढरे जंत घ्या. त्यांच्यासाठी शौचाची तपासणी बहुतेकदा वाया जाते, कारण मादी अंडी आतड्यात घालतच नाही. मूल झोपलं की ती बाहेर येते आणि गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर अंडी चिकटवते. म्हणून सकाळी उठल्या उठल्या, शौचाला किंवा अंघोळीला जाण्याआधी, तिथे पारदर्शक चिकटपट्टी दाबायची आणि ती काचपट्टीवर लावायची. सूक्ष्मदर्शकाखाली एका बाजूने चपटी, लांबट अंडी दिसली की निदान झालं. इतकी स्वस्त आणि इतकी सोपी तपासणी वैद्यकात फार नाही. आतड्यातल्या इतर जंतांसाठी आणि जिआर्डिया या आतड्यातल्या एकपेशीय परजीवीसाठी मात्र शौचच तपासावं लागतं. जिआर्डिया रोज बाहेर पडत नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने मागतात. पेशंटला ती लॅबची कटकट वाटते, आणि दुसरा नमुना सहसा येतच नाही.

हिवतापात एकाच रक्ताचे दोन स्मिअर, म्हणजे काचपट्टीवरचे थर, करतात. जाडसर थेंबातल्या लाल पेशी पाण्याने फोडतात, त्यामुळे जास्त रक्त एका नजरेत बघता येतं आणि परजीवी आहे की नाही ते कळतं. पातळ स्मिअरमध्ये पेशी शाबूत राहतात, म्हणून परजीवीची जात ओळखता येते. फाल्सिपॅरम या घातक जातीचे वाढलेले परजीवी मेंदूसारख्या अवयवांतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात, बोटाच्या रक्तात फिरतात ते कोवळे, अंगठीसारखे. त्यामुळे स्मिअर कोरा आला आणि संशय कायम असला, तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा बघतात. झटपट पट्टीची गंमत उलटी आहे: फाल्सिपॅरमचं एचआरपी-२ हे प्रथिन शोधणारी पट्टी रोग बरा झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते.

औषधातही घड्याळ आहेच. सुतासारख्या जंतांना अल्बेंडाझोलची एक गोळी मारते, पण अंडी वाचतात. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी गोळी, आणि तीही घरातल्या सगळ्यांना एकदम. खाजवलेल्या नखांतून अंडी घरभर झालेली असतात. व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीच्या हिवतापाचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि आठवड्यांनी, कधी महिन्यांनी जागे होतात. क्लोरोक्वीनने ताप उतरतो, या झोपलेल्यांना मात्र काहीच होत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन, बहुधा चौदा दिवस, आणि त्याआधी जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची तपासणी. ते कमी असलेल्या माणसाच्या लाल पेशी या औषधाने फुटतात. गरोदरपणी तर हे औषध देतच नाहीत. ताप गेला की चौथ्या दिवशी गोळ्या सोडणारे बरेच असतात, आणि ‘पुन्हा मलेरिया झाला’ म्हणून परत येणाऱ्यांत ते असतात.

सगळ्यात नाजूक प्रकार मेंदूतल्या गाठींचा, न्यूरोसिस्टिसर्कोसिसचा. डुकराचं मांस न खाणाऱ्यालाही तो होतो. कच्च्या मांसातून पट्टकृमी आतड्यात येतो, पण मेंदूतल्या गाठी होतात त्याची अंडी पोटात गेल्याने, आणि ती सहसा पट्टकृमी असलेल्या दुसऱ्या माणसाच्या न धुतलेल्या हातांवरून येतात. पेशंटच्या शौचात बहुधा काहीच मिळत नाही. फेफऱ्याचा झटका येतो, एमआरआय होतो, तेव्हा उलगडा होतो. इथे जंत मारायची घाई नडते. गाठ मरताना भोवतीचा मेंदू सुजतो, म्हणून अल्बेंडाझोलसोबत स्टेरॉइड देतात. मेंदूला आधीच खूप सूज असेल तर जंताचं औषध बाजूला ठेवून आधी ती उतरवतात. आणि स्कॅनवर गाठ चुन्यासारखी पांढरी, टणक झालेली दिसली तर जंताच्या औषधाचा उपयोगच नसतो. आतला जीव कधीच मेलेला असतो. झटके येत असतील तर त्यांच्यापुरत्या गोळ्या चालू राहतात.