माळवदाचे घर

माळवदाचे घर : लाकडी कड्यांवर, म्हणजे आडव्या वाशांवर, मातीचा जाड थर चोपून केलेले सपाट छप्पर असलेले घर. सातारा जिल्ह्यातील माण व खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यात अशी घरे रूढ होती. जुन्या गावठाणांत त्यांतली काही अजून नांदती आहेत. खानदेशात अशा घराला धाब्याचे घर म्हणतात.

छप्पर सपाट असण्याचे कारण पाऊस. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिमी.च्या वर पाऊस कोसळतो; तिथून सरळ रेषेत शंभर किमी.च्या आत असलेल्या माण तालुक्यातल्या दहिवडीला तो कसाबसा पाचशेच्या आसपास जातो. म्हणून जावळी-पाटणच्या डोंगरात कारवीच्या काठ्यांचा कूड आणि त्यावर उतरते छप्पर, महाबळेश्वर-पाचगणीला जांभ्याचा चिरा, कृष्णाकाठी मातीच्या किंवा विटांच्या भिंतींवर कौले आणि माणदेशात माळवद अशी घरांची तऱ्हा पावसाबरोबर बदलत जाते. पूर्वेकडे लाकूडही बेताचेच. बाभूळ आणि कडुनिंब यांवरच भागवावे लागे.

भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, काळ्या दगडाच्या, गाऱ्यात म्हणजे कालवलेल्या मातीत रचलेल्या. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर हात-दीड हात अंतराने कड्या. कड्यांवर फळ्या, ऐपत नसेल तर बाभळीच्या फांद्यांच्या चिरफळ्या. त्यावर निंबाचा पाला पसरतात, म्हणजे माती खाली गळत नाही आणि वाळवीलाही काहीसा आळा बसतो. मग चिखलाचा थर, आणि तो ओलसर असतानाच पांढरी माती टाकून धुम्मसाने, म्हणजे माती ठोकायच्या जड ठोकळ्याने, चोपायची. पाण्याला वाट म्हणून पन्हळीच्या दिशेने नजरेला कळेल न कळेल एवढा उतार ठेवतात. उजेड यायला आणि धूर जायला माळवदाला साणे, म्हणजे छपरातले भोक, ठेवलेले असते. पावसाची सर आली की घरातले पोर वर पळत जाऊन त्यावर घमेले पालथे घालते. चूल पेटलेली असली तर त्या सरीपुरता धूर घरातच कोंडतो.

माती कुठली, यावर माळवदाचे आयुष्य ठरते. शेतातली काळी माती इथे कामाची नाही : ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि पुढच्या पावसाला त्याच भेगांतून घर गळते. जुन्या वस्तीच्या जागेवरची राखट, चुनखडीयुक्त पांढरी माती मात्र चोपली की बसते आणि फारशी तडकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीचे, टेकाड खणून गावाने माती नेली, त्यात जुन्या वस्त्यांचे थरही गेले. पुरातत्त्वाच्या दृष्टीने हे नुकसान मोठे आहे, पण ज्याचे घर गळत होते त्याला ते सांगून उपयोग नव्हता.

उन्हाळ्यात बाहेर पारा चाळिशीला टेकला तरी माजघरात गारवा असतो; जाड माती दुपारची उष्णता आत यायला वेळ लावते. रात्री अंथरुणे माळवदावर. धान्य, मिरच्या, कुरडया, सगळे वाळवण तिथेच. मातीच्या घराची स्तुती करणारे बहुतेक लेखन इथेच थांबते. अंधार, उंदीर, भिंतीचे पोपडे आणि सारवणाचे न संपणारे काम यांचा हिशेब त्यात नसतो, आणि सारवणे हे बायकांचेच काम होते.

मृगाच्या आधी माळवदाची डागडुजी ठरलेली. वर उगवलेले गवत मुळासकट उपटायचे, उंदरांची बिळे बुजवायची, पन्हळी मोकळ्या करायच्या आणि नव्या मातीचा हात फिरवायचा. खरा धोका या शेवटच्या कामातच आहे. जुनी माती न उतरवता दरवर्षी नवी टाकली की थर वाढत जातो. फूटभर जाडीच्या थराचे वजन चौरस फुटाला साधारण ४५ ते ५० किलो भरते, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीवर साडेपाच-सहा टन. कडी वाळवीने आतून पोखरलेली असेल, तर एखाद्या झडीच्या पावसात ती मोडते.

भूकंपात हेच वजन जीव घेते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात पाटण भागातली गाऱ्यात रचलेली दगडी घरे ढासळली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत तर जाड दगडी भिंती आणि त्यावरचे जड माळवद यांखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. दोष एकट्या मातीचा नव्हता. भिंतीला आतली आणि बाहेरची अशा दोन बाजू असत. मधे दगडगोट्यांची भर. दोन्ही बाजूंना सांधणारे आरपार दगड आणि घराला चारी बाजूंनी बांधणारा पट्टा नसला, की हादऱ्याने भिंत फुगून उकलते. मातीच्या आणि कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठी भारतीय मानक ब्युरोने आयएस १३८२७ आणि आयएस १३८२८ ही मार्गदर्शके १९९३ मध्ये काढली.

पूर हा मातीच्या भिंतीचा दुसरा वैरी, पण तो नदीकाठचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपलीकडे गेली. अशा पुरात कच्च्या भिंतीचा तळ पाण्यात मऊ होतो, आणि पाणी ओसरून आधार गेला की ती बसते.

नव्याने मातीचे घर बांधणारे आता माळवदापेक्षा दाबलेल्या मातीच्या विटांकडे वळतात. वाळूमिश्रित मातीत पाच ते दहा टक्के सिमेंट किंवा चुना मिसळून यंत्रात वीट दाबतात. भट्टी लागत नाही, पाणी मात्र काही आठवडे मारावे लागते. त्यासाठी आयएस १७२५ हे मानक आहे. मातीची पहिली परीक्षा घरी होते : बरणीत माती-पाणी घालून हलवायचे आणि ठेवून द्यायचे. वाळू लगेच तळाशी बसते, चिकणमाती शेवटी; थर मोजले की प्रमाण कळते.

सरकारदरबारी मातीचे छप्पर म्हणजे कच्चे घर. घरकुलासाठी माळवद उतरवले जाते, कड्या-तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात. गंमत अशी की ग्रामपंचायतीच्या घरपट्टीत मातीच्या घराला दर कमी असतो. ज्यांना घर राखायचे आहे, त्यांनी माळवदावर प्लॅस्टिक अंथरून वर माती लोटू नये. खालची ओल कोंडून कड्या कुजतात. त्यापेक्षा जुनी माती निम्म्याहून अधिक उतरवून, भिंतींवर भार न देता स्वतंत्र खांबांवर पत्र्याचे छत घेणे बरे. वाळवणाची जागा तेवढी जाते.